चार ग्रॅम

काट्याच्या काचेवर एक, नऊ, नऊ, सहा असे आकडे उमटले, जरा हलल्यासारखे झाले आणि तिथेच थांबले. हिल्कानं फेकीचा लोखंडी गोळा उचलला, काट्याची थाळी बाहीनं पुसली, काटा टेबलावर सपाट बसलाय ना ते वाकून बघितलं आणि गोळा पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. दोन किलोला चार ग्रॅम कमी. कॉफीत टाकायचा साखरेचा एक खडा, बस, तेवढंच. आधीच्या तीन गोळ्यांनी मुकाट्यानं दोन किलो दाखवले होते, एकानं तर वर एक ग्रॅम जास्तच. बाहेर, सामानाच्या खोलीच्या पातळ लाकडी भिंतीपलीकडे, बायका साइमासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणत होत्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. कुणीतरी थर्मास उघडल्याचा आवाज आला. तुर्कू शहरातल्या औषधाच्या दुकानात हिल्कानं उमेदीची सगळी वर्षं घालवली होती, मिलिग्रॅममध्ये विषं मोजली होती, आणि तिथं ती एकच गोष्ट पक्की शिकली होती की काट्याशी वाद घालायचा नसतो. माणसाशी घालावा. काटा ऐकत नाही. तरी तिनं तिसऱ्यांदा गोळा ठेवलाच. माणूस आहे शेवटी.

बुधवारी साइमा राइहा नव्वद वर्षांची झाली होती आणि आज शनिवारी हंगामातली शेवटची स्पर्धा होती. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात याव्यात म्हणून गेलं वर्षभर प्रौढ खेळाडूंचा सगळा क्लब जीव मुठीत धरून होता. बाहेरच्या जगात माणसं वाढदिवस लपवतात, इथं मैदानावर उलटीच गंगा. इथं म्हातारी माणसं वाढदिवसाची वाट बघतात, शाळकरी पोरं सुट्टीची बघतात तशी. दर पाच वर्षांनी गट बदलतो, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी जो गटातला थकलेला थेरडा असतो तोच पंच्याऐंशी लागल्याबरोबर नव्या गटातलं कोवळं पोरगं होतो. गेले दोन उन्हाळे साइमा तणतणत होती. "पंच्याऐंशीच्या पोरी येतात आणि माझ्यापुढे गोळा टाकून जातात. काय करणार, त्यांच्या अंगात रग आहे अजून. मला एकदा नव्वद लागू दे, मग बघते." आणि लागले. आणि आज दुपारी तिनं बघितलं. नव्वदीच्या गटातला देशाचा विक्रम लेम्पी तुओक्कोच्या नावावर होता. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्या अंतरावर खडीत एक छोटा पांढरा झेंडा रोवून ठेवला होता. साइमाचे पाच प्रयत्न झेंड्याच्या अलीकडे पडले, प्रत्येक वेळी थोडे जवळ. सहाव्याला ती वर्तुळात जरा जास्तच वेळ उभी राहिली, मानेशी गोळा, डोळे मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटणारे. मग तिचा तो सुकलेला, हाडांचा हात एकदम लांब झाला आणि गोळा झेंड्याच्या पलीकडे, चांगला हातभर पलीकडे, धप्पकन पडला.

त्यानंतर जे झालं ते नियमात बसणारं नव्हतं. विक्रमाचा गोळा पंचानं तिथल्या तिथे उचलायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही, थेट काट्यावर न्यायचा. पंच होता एन्सिओ, अठ्ठ्याहत्तरचा, स्वतः भालाफेकीतला, आणि पंच त्या वेळी टोपी हवेत फेकून बोकडासारखा उड्या मारत होता. बायकांनी खडीतून गोळा उचलला. तो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेला, एकीनं त्याची पापी घेतली, एकीनं गालाला लावला, पुढच्या वर्षी ऐंशीची होणाऱ्या एकीनं तर "मलाही लागू दे थोडं" म्हणत दोन्ही तळहात त्यावर चोळले. मग कुणीतरी, सवयीनं, नीटनेटकेपणानं, तो बाकीच्या तिघांबरोबर कप्प्यात ठेवून दिला. चार गोळे, चारही काळसर, चारही एकाच मापाचे. हे भान हिल्काला आलं तेव्हा तिचे स्वतःचेच तळहात टाळ्या वाजवून लाल झाले होते. देशातल्या सगळ्या बायकांचे, पस्तिशीपासून शंभरीपर्यंतचे विक्रम जी जपते, जिच्या सहीशिवाय एक सेंटिमीटर इकडचा तिकडे होत नाही, ती बाई कुंपणापाशी उभी राहून टाळ्या पिटत होती. तिनं मनाची समजूत घातली होती की ठीक आहे, चारही वजन करू, चारही बरोबर भरले तर कुठला होता याला काय महत्त्व. अगदी सरळ हिशोब. आणि आता हा चौथा.

तिला विक्रमांची ती यादी आठवली. म्हणजे ती कधी विसरतच नव्हती. बसमध्ये, बाजारात, सॉनाच्या वाफेत पाय वर घेऊन बसलेली असताना ती यादी तिच्यासमोर उभी राहायची. पस्तीसची बाई गोळा इतका लांब टाकते, चाळीसची जरा कमी, पन्नासची त्याहून कमी, मग गोळा हलका होतो, तरी अंतर कमी होत जातं, साठ, सत्तर, पंच्याहत्तर. वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या बायका, कुणी शिक्षिका, कुणी मच्छीवाली, आणि तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं तर वाटतं की ही एकच बाई आहे, हळूहळू उतरत चाललेली. उतरते, पण बसत नाही. हिल्काला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता आणि आजही येतो. तिनं स्वतः कधी गोळा टाकला नाही. एकदा हौसेनं वर्तुळात उतरली होती, पाय अडखळून सपशेल पडली, चार दिवस कंबर धरून चालत होती, आणि तेव्हापासून तिला त्या सात फुटी वर्तुळाची देवळाच्या गाभाऱ्यासारखी भीती वाटायची. तिचं काम बाहेर उभं राहून बघायचं आणि बघितलेलं खरं आहे ना ते तपासायचं. कोणी विचारलं की एवढा कीस काढायची काय गरज, म्हाताऱ्या बायकांचा तर खेळ, तर तिला उत्तर देता यायचं नाही. तिला आपलं वाटायचं की नव्वद वर्षांचं शरीर कुठवर जातं हे जगात कुणालाच ठाऊक नाही, फक्त त्या एका आकड्याला ठाऊक आहे. तो आकडा खोटा निघाला तर मग काय उरलं. मग सगळ्या नुसत्या गप्पा.

तिची आई साठाव्या वर्षी म्हणाली होती, "झालं आता माझं." आजारी नव्हती, काही नव्हती. एका शरद ऋतूत तिनं रंगीत कपडे कपाटात ठेवले, करडा स्वेटर चढवला आणि खिडकीपाशी बसली ती बसलीच. पुढची कितीतरी वर्षं ती बसूनच होती, नदीवरून जाणाऱ्या बोटी बघत. हिल्का तेव्हा तरुण होती आणि तिला वाटायचं की असंच असतं, एक दिवस येतो, माणूस खुर्चीवर बसतो. मग कुणा मैत्रिणीबरोबर सहज म्हणून ती या मैदानावर आली आणि तिनं लेम्पी तुओक्कोला पाहिलं. लेम्पी आईच्याच वयाची, लाल चड्डी, पायावर निळ्या शिरांचं जाळं, तोंडात शिवी. फेकलेली थाळी जाळीत अडकली म्हणून ती थाळीला शिव्या घालत होती. हिल्का कुंपणाला धरून रडली होती त्या दिवशी, कुणाला कळू न देता. आईची कीव आली म्हणून, की राग आला म्हणून, ते तिला आजही सांगता यायचं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षांनी लेम्पीनं नव्वदीत टाकलेला तो गोळा हिल्कानंच मोजला होता, भर पावसात, टेपवरचं पाणी अंगठ्यानं निपटून. लेम्पीनं विचारलं होतं, "नीट मोजलास ना गं? मला फुकटचं नको." लेम्पी गेली त्याला आता तीन हिवाळे झाले.

दार ढकलून एन्सिओ आत आला. एका हातात केकची बशी, ब्लूबेरीचा रस त्याच्या मिशीला लागलेला. "अगं, ती साइमा तुझी वाट बघत्ये. सही झाली का? आण इकडे, मीपण पंच म्हणून माझी—" आणि मग त्याची नजर काट्यावर गेली. त्यानं बशी खिडकीत ठेवली.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला.

"काटा माझा आहे, एन्सिओ. परवाच तपासून आणलाय."

"मग थंडीनं असेल. लोखंड आकसतं."

"आकसलं तरी वजन तेवढंच राहतं. काहीतरी बोलू नकोस."

त्यानं मिशी पुसली, हात पँटला पुसला, मग तो काट्याजवळ आला आणि जणू कुणी ऐकतंय असा हळू आवाज काढला. "हे बघ. तीन बरोबर आहेत ना? तीन बरोबर, एक चूक. म्हणजे तीन चतुर्थांश तरी आपल्या बाजूनं आहे की नाही? हा एक मी गाडीच्या डिकीत टाकतो. हा इथं नव्हताच. कप्प्यात तीनच गोळे होते. कुणी मोजलेत? सुंठेवाचून खोकला गेला."

"तू पंच आहेस."

"मी पंच आहे म्हणूनच सांगतोय! ती नव्वदची आहे, हिल्का. नव्वद! पुढची स्पर्धा मे महिन्यात. तुला ठाऊक आहे मेपर्यंत काय काय होतं ते."

ठाऊक होतं. तिला नाही तर कुणाला ठाऊक असणार. दर वसंतात ती नव्या हंगामाची यादी करायला बसते तेव्हा काही नावं पुढच्या गटात सरकतात आणि काही सरकत नाहीत. कालेर्वो आठवला. ऐंशीच्या गटातली शंभर मीटरची शर्यत, कालेर्वो असा धावला की बघणाऱ्यांचे श्वास अडकले, आणि वारा मोजणारा माणूसही बघतच राहिला. त्यानं यंत्राचं बटण दाबलंच नाही. वारा पाठीशी नव्हता अशी नोंद नाही तर विक्रम नाही. पुरुषांची यादी बघणारा तेव्हा आजारी होता, कागद हिल्काकडे आले आणि नकार तिनं कळवला. कालेर्वो फेब्रुवारीत गेला. त्याची बायको अजून बाजारातल्या हॉलमध्ये धुरावलेले मासे विकते, आणि हिल्का गेली की सगळ्यात चांगला तुकडा काढून देते. दर वेळी एकच वाक्य बोलते, "त्या दिवशी वारा नव्हताच हो." तिच्या बोलण्यात राग नसतो, नुसतं सांगणं असतं. हिल्का मान हलवते, तुकडा घेते, आणि घरी जाऊन तो मासा तिला जड जातो. आता इथं, या पेट्रोल आणि ओल्या दोरखंडांच्या वासात, तिच्या हाताखाली तो चौथा गोळा होता, आणि खरं सांगायचं तर तिचा हात त्याला हळूच टेबलाच्या कडेकडे ढकलत होता. एवढासा ढकलला असता की एन्सिओनं तो झेलला असता. कुणाचं काय गेलं असतं? लेम्पीचं गेलं असतं. पण लेम्पी कुठं बघायला आहे? आणि आत्ता कुठंतरी तीस-चाळीस वर्षांची एक बाई, पोरं शाळेत सोडून घाईनं कामाला निघालेली, जिनं अजून गोळ्याला हात लावलेला नाही, ती कधीतरी नव्वदची होणार, वर्तुळात उभी राहणार, आणि समोर झेंडा असणार. तो झेंडा चुकीच्या जागी असला तर? ती बिचारी जीव तोडून टाकेल आणि कधी पोचणारच नाही, आणि तिला वाटेल की आपलंच बळ कमी पडलं. हिल्कानं हात मागे घेतला.

"काय रे, गोळे उबवताय की काय दोघं मिळून?" दारात साइमा उभी होती. अंगात क्लबचा निळा कोट, गळ्यात कुणीतरी घातलेली झेंडूची माळ, पायात जाड लोकरी मोजे आणि फेकीचे बूट. मागे कुणी नव्हतं. बायका केक कापत होत्या. "माझा केक संपत आला आणि तुमचं आपलं चाललंय. काय झालं? तोंडं का अशी उतरलीत? मेलं का कोण?"

मैदानावर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, पस्तीसचा पंच्याण्णवच्यालाही. हिल्कानं काटा बंद केला. आकडे विझले. चारही गोळे तिनं टेबलावर ओळीनं मांडले, मुद्दाम जागा बदलून. एन्सिओ तिच्या पाठीमागून मान हलवत होता, नको, नको.

"साइमा, यातला कुठला टाकलास तू?"

"एवढंच? त्यात काय." साइमानं कोटाच्या बाह्या सारल्या. पहिल्या गोळ्यावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. दुसऱ्यावरही तसंच. तिसऱ्यावर तिची बोटं फिरली, वळली, खाली गेली, आणि अंगठा एका जागी बसला. "हा."

हाच. हिल्काला ते न बघताच कळलं होतं.

"नक्की?"

"अगं, चार वर्षं मी हाच टाकते. सहाही वेळा हाच टाकला आज. बाकीचे गुळगुळीत, माझ्या बोटांतून साबणासारखे निसटतात. बोटं कोरडी झालीत माझी, कागदासारखी. याला इथं खाली खळगा आहे, रंग उडालेला, गंज धरलेला. अंगठा बरोबर बसतो." मग ती थांबली. अंगठा पुन्हा फिरवला. "गंज कुठं गेला पण? आज सकाळीच मला वाटलं, हात लावला तेव्हा. खळगा आहे, पण कसा स्वच्छ. कुणीतरी घासलाय याला."

एन्सिओ मटकन टायरच्या ढिगावर बसला. त्यानं दोन्ही हात वर केले, आणि हिल्कानं पहिल्यांदाच ते नीट बघितले. नखांत लालसर काळी धूळ, बोटांच्या पेरांवर तारेचे ओरखडे.

"मी," तो म्हणाला. "सकाळी. तारेच्या ब्रशनं. म्हटलं नव्वदीचा पहिला गोळा, तो काय असा गंजका टाकायचा? फोटो काढतील. म्हटलं लखलखीत करू. वाढदिवसाला दुसरं काय देणार होतो मी तुला? फुलं तुला आवडत नाहीत." त्यानं हात खाली घेतले. "अर्धा तास घासत होतो. पोपडे पडत होते आणि मला काय आनंद होत होता! करायला गेलो काय आणि झालं काय. मूर्ख. म्हातारा मूर्ख."

साइमानं हिल्काकडे बघितलं. "किती?"

"चार ग्रॅम कमी."

"चार."

"हो."

"आणि आधीचे पाच?"

"तेही गेले. सगळे याच गोळ्यानं. आजची तुझी फेकच नाही धरता येणार, साइमा. एकही."

हिल्कानं हे सांगितलं आणि ती वाट बघत राहिली. रडेल, ओरडेल, टेबलावर हात आपटेल, एन्सिओच्या अंगावर धावून जाईल. हक्कच होता तिचा. साइमा नुसती उभी राहिली. तिच्या मानेवरची कातडी थरथरत होती, पण ती नेहमीच थरथरायची. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला आणि तो हसण्याचा होता. "म्हणजे बघ. नव्वदीच्या गटात सबंध मैदानात मी एकटी. आणि तरी हरले! हे जमायलासुद्धा नशीब लागतं." ती हसत एन्सिओजवळ गेली आणि तिनं त्याच्या टकलावर टपली मारली. "रडू नकोस रे. अठ्ठ्याहत्तरचा घोडा झालास तरी अक्कल नाही. पुढच्या वेळी चॉकलेट आण." पण हसणं ओसरलं तेव्हा तिचा चेहरा वेगळाच झाला, लहान झाल्यासारखा. तिनं अंगठ्यानं तो खळगा चाचपला. "नोंदीचं जाऊ दे. मला एक सांग, हिल्का, तुला कळतं यातलं. सहाव्या वेळी गोळा हातातून सुटला ना, तेव्हा मला वाटलं, हे काय, कुठून आलं हे? माझ्यात होतं हे अजून? मी चक्रावलेच. पंधरा वर्षांत तसं वाटलं नव्हतं. ते माझं होतं, की या चार ग्रॅमचं? एवढंच सांग."

चार ग्रॅमनं हातभर अंतर पडत नाही, बोटभरही पडत नाही, हे हिल्काला माहीत होतं आणि तसं ती बोलून गेलीही. पण साइमानं मान हलवली. तिला हिशोब नको होता. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की हिल्काला नजर वळवावीशी वाटली आणि वळवता येईना. नव्वद वर्षांची बाई, जिनं नवरा पुरला, बहिणी पुरल्या, एक मुलगा पुरला, तिला या घडीला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. आपल्या हातात अजून बळ आहे की नाही, हे तिला खरं खरं कळायला हवं होतं.

"या तिघांतला पुरेपूर दोन किलोचा कुठला?" साइमानं विचारलं.

हिल्कानं बोट दाखवलं. एक ग्रॅम जास्त भरलेला, पार गुळगुळीत.

"उचल. जड आहे मला इथून—" ती अडखळली, स्वतःवरच चिडली, "इथून न्यायला. टाकायला नाही म्हटलं मी. चला."

"साइमा, स्पर्धा संपली," एन्सिओ म्हणाला. "बाकीचे पंच गेले घरी. हे धरणार नाहीत."

"तुला कोण म्हणतंय धरायला? तू गप बैस. नाहीतर चल, दिवा लाव."

दिवा लावायची गरज नव्हती. सूर्य बंदराच्या बाजूला उतरला होता, खडीवर पिवळा उजेड लांब पडला होता आणि झेंडा अजून तिथेच होता, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. बायका दुसऱ्या टोकाला बाकांवर होत्या, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साइमानं कोट काढून एन्सिओच्या हातात दिला, माळ त्याच्याच गळ्यात घातली. खडूच्या भुकटीत बोटं बुडवली, झटकली, पुन्हा बुडवली. पहिल्यांदा गोळा तिच्या हातातून खरंच निसटला, बुटाशेजारी पडला, आणि तिनं शिवी दिली. दुसऱ्यांदा तो मानेशी टेकला. हिल्का खडीच्या कडेला उभी होती. तिनं टेप घेतली नव्हती, वही घेतली नव्हती, हात रिकामे होते आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. पस्तिशीची, चाळिशीची, पन्नाशीची, सगळी यादी तिच्या अंगातून सरसरत खाली आली आणि या एका वाकलेल्या पाठीपाशी येऊन थांबली. आई खिडकीपाशी बसली तेव्हा साठची होती. ही त्यानंतर तीस वर्षं उभी आहे. कसं काय? कशावर उभी आहे ही? पायांत तर काही नाही, काटक्या आहेत नुसत्या. हिल्काला एकदम भीती वाटली, मोठ्या पाण्याच्या काठाशी उभं राहिल्यावर वाटते तशी, आणि त्या भीतीत भरून येणारा आनंद होता. साइमाचे ओठ हलले. गुडघा वाकला. तिच्या आत कुठंतरी, अगदी खाली, काहीतरी जमलं, चढलं, खांद्यापर्यंत आलं, आणि तिच्या तोंडून एक ओरड फुटली. ती म्हातारीची नव्हती आणि तरुणीचीही नव्हती. गोळा गेला.

मघासारखा हातभर पुढे नाही गेला. झेंड्याच्या पुढे जेमतेम दोन बोटं, पण पुढे. हिल्का धावत गेली, गुडघ्यांवर बसली, गाल खडीला लागेल इतकी वाकली. गोळ्यानं पाडलेल्या खळग्याची मागची कड आणि झेंड्याची काडी यांच्यामध्ये दोन बोटं जात होती. तिनं घालून बघितली. तिच्या डोळ्यांतलं पाणी खडीवर पडलं.

"काय?" वर्तुळातून साइमा ओरडली. ती बाहेर आली नव्हती. नियमाप्रमाणे मागच्या अर्ध्यातूनच बाहेर पडायचं म्हणून ती तिथे वळायची तयारी करत उभी होती, धापा टाकत. "दिसत नाही मला एवढ्या लांबचं! काय झालं?"

"पुढे!" हिल्का ओरडली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "लेम्पीच्या पुढे, साइमा! पूर्ण वजनानं!"

साइमानं मान हलवली, एखादी भाकितं करणारी बाई आपलंच भाकीत खरं ठरल्यावर हलवते तशी, आणि मागच्या बाजूनं वर्तुळातून बाहेर पडली. एन्सिओनं कोट धरला, तिनं त्यात हात घातले, एक बाही सापडेना तर त्याला शिव्या घातल्या. "माझंच होतं," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. मग हिल्काकडे बघून, "यादीत लेम्पीच राहणार ना?"

"लेम्पीच राहणार."

"राहू दे. भांडकुदळ होती, पण फुकटचं कधी घेतलं नाही तिनं." ती बाकांकडे निघाली, एन्सिओच्या दंडाला धरून. "मे महिन्यात बघू. केक ठेवलाय का रे माझ्यासाठी, की तोही घासून ठेवलास?"

हिल्का एकटीच राहिली. तिनं झेंडा उपटला, माती झटकली, काखेत धरला. त्या छोट्या वाटोळ्या खळग्यापुढे ती उभी होती. कडा अजून ओलसर होत्या, मधे गोळ्याचा ठसा. अख्ख्या देशात नव्वद वर्षांच्या कुठल्याही बाईनं टाकलेला सगळ्यात लांबचा खरा गोळा इथं पडला होता, तो तिनं, एन्सिओनं आणि साइमानं पाहिला होता, आणि तो कुठंही लिहिला जाणार नव्हता. निदान आजची रात्र तो असाच राहावा असं तिच्या मनात येऊन गेलं. पण उद्या सकाळी नऊला इथं शाळेच्या मुलांच्या स्पर्धा होत्या. खळगा राहिला तर त्यांच्यातल्या कुणाचं तरी माप चुकलं असतं. तिनं कोपऱ्यातलं दाताळं आणलं, खडी ओढून घेतली, आणि हलक्या हातानं जमीन सारखी केली.